शेतात राहिलेली पेंढी

रविवारची उपासना आटोपली की नागपूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत अर्पणाची मोजदाद वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतल्या, जुन्या सागवानी टेबलावर होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले आणि ते अद्याप सुटलेले नाही. थैलीतली नाणी आणि नोटा वेगळ्या मोजायच्या, उपकारस्तुतीची पाकिटे वेगळी फोडायची, पाकिटावर लिहिलेले कारण वहीत जसेच्या तसे उतरवायचे आणि शेवटी दोघांनी सह्या करायच्या, असा शिरस्ता आहे. मुलाला नोकरी लागली, सुनेची सुखरूप सुटका झाली, मिहानमधल्या कंपनीत बढती मिळाली, गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली, फ्लॅटचा ताबा मिळाला, व्हिसा आला. आपण ख्रिस्ती लोक देवाचा आशीर्वाद कशाला म्हणतो हे जाणून घ्यायचे असेल, तर या वहीइतका प्रामाणिक दस्तऐवज दुसरा सापडणार नाही.

या कारणांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. अन्न, वस्त्र, लेकरू, आरोग्य, निवारा हे सारे देवाच्या हातून येते असे पवित्र शास्त्र पानोपानी सांगते, आणि नोकरी लागल्याचा आनंद ज्याला प्रथम देवापुढे मांडावासा वाटतो त्याची श्रद्धा जिवंत आहे. तरीही वही चाळताना एक गोष्ट खटकते. सख्ख्या भावाशी धरलेला अबोला सुटला म्हणून, थकवलेली मजुरी चुकती करण्याची बुद्धी झाली म्हणून किंवा घराच्या वाटणीचा दावा कोर्टातून मागे घेतला म्हणून कोणी पाकीट टाकल्याचे मला आठवत नाही. पदरात काही पडले की आशीर्वाद आणि हातचे काही सुटले की नुकसान, असा हिशेब आपल्या मनात नकळत पक्का झाला आहे. शास्त्रात मात्र ‘देव तुला आशीर्वाद देईल’ हे अभिवचन ज्या आज्ञांना जोडून येते त्या आज्ञा नीट वाचल्या, तर त्यांतल्या कितीतरी आज्ञा दुसऱ्या माणसाशी असलेल्या आपल्या देण्याघेण्याविषयी आहेत असे दिसते.

आमच्या शेजारच्या काकू दर मंगळवारी सीताबर्डीच्या टेकडी गणपतीला जातात आणि घरात कोणी आजारी पडले की ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यालाही, जाऊन येतात. ‘तुमच्यात नवस नसते का जी?’ असे त्यांनी एकदा मला सहज विचारले, तेव्हा ‘नसतो’ हे आपल्या धर्मशिक्षणातले ठरीव उत्तर माझ्या तोंडावर आले, पण ते पूर्ण खरे नाही. शास्त्रात नवस आहेत, आणि त्यांतला सर्वांत सविस्तर नवस याकोबाचा आहे. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या बापाला फसवून थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद लाटल्यावर तो जिवाच्या भीतीने घर सोडून पळाला आणि वाटेत बेथेल येथे धोंडा उशाला घेऊन झोपला. त्या रात्री देवाने त्याला कोणतीही अट न घालता सांगितले की मी तुझ्याबरोबर आहे, तू जाशील तेथे तुला सांभाळीन आणि या देशात परत आणीन. सकाळी उठून याकोबाने काय केले, तर तेच अभिवचन घेऊन त्याला स्वतःच्या अटी लावल्या: देव जर माझ्याबरोबर राहील, मला खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र देईल आणि मी सुखरूप बापाच्या घरी परत येईन, तर परमेश्वर माझा देव होईल आणि तो मला जे काही देईल त्याचा दहावा भाग मी त्याला देईन. देणाऱ्याने फुकट देऊ केलेल्या वस्तूचा भाव करणारा हा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

त्यानंतरची 20 वर्षे त्याने मामाकडे, लाबानाकडे, राबण्यात काढली. त्या मामाने त्याची मजुरी दहादा बदलली, म्हणजे फसवणाऱ्याला फसवणारा भेटला. परतीच्या वाटेवर यब्बोक नदीच्या उताराजवळ त्याने रात्रभर एका पुरुषाशी झोंबी केली, ‘मला आशीर्वाद दिल्याशिवाय मी तुला सोडणार नाही’ असा हट्ट धरला आणि आशीर्वाद मिळवला, पण पहाटे तो तेथून निघाला तेव्हा जांघेचा सांधा निखळल्यामुळे लंगडत निघाला. या झोंबीवर प्रवचने पुष्कळ होतात. त्याच्या आधी आणि नंतर जे घडते त्यावर फारशी होत नाहीत. झोंबीच्या आदल्या दिवशी याकोबाने भावासाठी भेट पुढे पाठवली होती: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडणी आणि त्यांची पिल्ले, 40 गाई, 10 बैल, 20 गाढवी आणि 10 गाढवे. पिल्ले सोडून बेरीज 550 होते. एसावाने धावत येऊन त्याच्या गळ्यात मिठी घातली, दोघे रडले, आणि ‘माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझे तुला राहू दे’ असे एसाव म्हणाला, तरी याकोबाने आग्रह करून ती भेट त्याला घ्यायला लावली. तुझे मुख पाहणे म्हणजे देवाचे मुख पाहण्यासारखे आहे, असे तो भावाला म्हणाला. खजिनदाराच्या नजरेने वाचताना मला यात एक गंमत दिसते. बेथेल येथे देवाला कबूल केलेल्या दहाव्या भागाचे पुढे काय झाले, तो दिला की नाही, याची नोंद उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेच नाही, मात्र भावाकडे गेलेली जनावरे जातवार मोजून लिहून ठेवलेली आहेत.

दशमांशाचा, म्हणजे या दहाव्या भागाचा, विषय निघालाच आहे तर मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ प्रवचने ऐकणाऱ्या आमच्या मंडळीतल्या कित्येकांना त्या अध्यायाचे दहावे वचन तोंडपाठ आहे: सगळा दशमांश भांडारात आणा आणि मग मी आकाशाच्या खिडक्या उघडून तुमच्यावर आशीर्वादाची वृष्टी करतो की नाही याची प्रचीती पाहा. हे वचन पडद्यावर झळकते, त्याच्याखाली खाते क्रमांक येतो, आणि दशमांश ही जणू आवर्ती ठेव असून मुदत संपल्यावर देव ती व्याजासह परत करणार आहे, अशी समजूत ऐकणाऱ्याच्या मनात रुजते. मी आयुष्यभर ठेवींच्या पावत्या फाडल्या आहेत आणि ही भाषा मला लगेच ओळखू येते. त्याच अध्यायाचे पाचवे वचन मात्र पडद्यावर झळकलेले मी पाहिलेले नाही. त्यात परमेश्वर म्हणतो की मी न्याय करायला तुमच्याजवळ येईन, आणि मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा व अनाथ यांच्यावर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क हिरावणाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायला मी तत्पर असेन. दहाव्या वचनापर्यंत पोहोचायचे असेल तर पाचव्यावरून जावे लागते, आणि संदेष्ट्याने ती वचने याच क्रमाने लिहिली आहेत.

दशमांशाचा मूळ नियम तर याहून गमतीदार आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायानुसार शेताच्या उत्पन्नाचा दहावा भाग इस्राएली कुटुंबाने परमेश्वर निवडील त्या स्थळी नेऊन तेथे स्वतःच खायचा होता. वाट लांबची असली तर त्याचे पैसे करून तेथे जायचे आणि बैल, मेंढी, द्राक्षारस, जिवाला जे आवडेल ते विकत घेऊन सहकुटुंब आनंद करायचा होता. प्रत्येक तिसऱ्या वर्षी मात्र तो दशमांश आपल्याच गावात साठवून ठेवायचा होता, म्हणजे ज्याच्या वाट्याला जमीन आली नव्हती तो लेवी, आणि गावातला उपरा, अनाथ व विधवा हे येऊन पोटभर जेवतील. ‘म्हणजे तुझा देव परमेश्वर तुझ्या हातच्या सर्व कामात तुला आशीर्वाद देईल’ हे कलम त्या अध्यायात कोठे येते? ते येते या तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाला जोडून, गावातल्या रिकाम्या पोटांचा उल्लेख झाल्यावर.

असेच कलम त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात पुन्हा येते, आणि माझ्या मते आशीर्वादाविषयीच्या सगळ्या वचनांत ते सर्वांत विलक्षण आहे. शेताची कापणी करताना एखादी पेंढी शेतातच विसरलास तर ती आणायला परत जाऊ नकोस, ती उपरा, अनाथ आणि विधवा यांची असू दे, म्हणजे परमेश्वर तुझ्या हातच्या सर्व कामात तुला आशीर्वाद देईल. दशमांश ठरवून देता येतो, पाकिटात घालता येतो, पावती फाडता येते. विसरलेली पेंढी ठरवून विसरता येत नाही. घरी पोहोचल्यावर, हातपाय धुतल्यावर आठवते की बांधाजवळची एक पेंढी राहिली, आणि उठून जावे की राहू द्यावे एवढाच निर्णय मालकाच्या हाती उरतो. त्या न उठण्याला देवाने आशीर्वाद जोडला आहे. तिचे पाकीट होत नाही, तिची नोंद वहीत होत नाही, आणि ती कोणी उचलली हे मालकाला कळतही नाही.

विदर्भात राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तुरीची किंवा ज्वारीची काढणी झाल्यावर सरवा वेचायला येणाऱ्या बाया आपल्या आजीने पाहिल्या आहेत, काहींची आजी स्वतः त्यांत होती, आणि आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांना हे आठवते ते सांगताना आवाज खाली घेतात. मवाबातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवाच वेचत होती. बवाज शेतात आला की कापणाऱ्यांना ‘परमेश्वर तुमच्याबरोबर असो’ असे म्हणत असे आणि ते ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो’ असे उत्तर देत. मालकाला मजुरांनी दिलेला हा आशीर्वाद मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण पुढच्याच प्रसंगात बवाज त्याच मजुरांना सांगतो की तिच्यासाठी पेंढ्यांतून काही ताटे मुद्दाम ओढून टाकत जा आणि तिला धमकावू नका. शेवटी त्याच परकी बाईच्या पोटी दाविदाचा आजोबा जन्माला आला आणि मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचे नाव लिहिले.

ज्याला शेत नाही, निवृत्तिवेतन आणि दोन खोल्या आहेत, त्याने काय विसरायचे, असा प्रश्न मला एका भगिनीने विचारला होता. याची यादी देता येणार नाही, आणि दिली तर तीही पाकिटासारखी होऊन बसेल. भाजीच्या ठेल्यावर पन्नासची नोट देऊन उरलेले पाच रुपये घ्यायचे राहिले आणि घरी आल्यावर आठवले, तर ते राहू द्यावेत, इतक्या बारीक गोष्टीपासून हे सुरू होते. नात्यातल्या एखाद्याला दिलेल्या जुन्या उसन्या रकमेपर्यंत ते जाऊ शकते. गहाण वस्तूविषयीचा नियमही अनुवादाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात आहे: गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्य मावळण्याआधी ते त्याला परत कर, म्हणजे तो ते पांघरून झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल. बँकेत तारण कधी सोडायचे याचे जे नियम मी शिकले त्यांत कर्जदाराच्या झोपेचा विचार कोठेही नव्हता. येथे आशीर्वाद उच्चारणारा कर्जदार आहे आणि ऐकणारा देव आहे.

मजुरीविषयी शास्त्र जितके कठोर आहे तितके ते फार थोड्या गोष्टींविषयी आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे सारे लक्ष तिच्याकडे लागलेले असते, असे अनुवाद सांगतो, आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (हा याकोब वेगळा) तर अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोहोचतो असे लिहिले आहे. नागपुरात सकाळी मजुरांच्या कोणत्याही ठिय्यावरून जावे, म्हणजे मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला उलगडतो. आठ वाजता तेथे गर्दी असते, मिस्त्री आणि ठेकेदार येऊन धट्टीकट्टी माणसे मोटरसायकलवर मागे बसवून नेतात, आणि अकराच्या सुमारास जे उरतात ते म्हातारे असतात, बारीक असतात, किंवा डबा कडेवरच्या पिशवीत तसाच ठेवून उभ्या असलेल्या बाया असतात. ‘तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे?’ या मालकाच्या प्रश्नाला दाखल्यातले मजूर ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही’ असे उत्तर देतात. त्या मालकाने शेवटच्या ताशी आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण संध्याकाळी त्याच्या घरीही तितकीच तोंडे असणार होती. आपल्यापैकी घर रंगवणाऱ्याने, गच्ची दुरुस्त करणाऱ्याने संध्याकाळी ‘सुट्टे नाहीत, उद्या ये’ असे म्हणण्यापूर्वी हा दाखला एकदा आठवून पाहावा.

रविवारच्या बाबतीतही आपण सोयीस्कर विसरतो. देवाने सर्वांत आधी ज्या दिवसाला आशीर्वाद देऊन पवित्र केले तो आठवड्याचा सातवा, विसाव्याचा दिवस, आणि अनुवादात त्या विसाव्याचे कारण स्पष्ट दिले आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. आमच्याकडे रविवारी उपासनेहून आल्यावर मटणाचा बेत असतो, पाहुणे असतात, आणि आठवड्यातली सर्वांत जास्त भांडी त्याच दिवशी पडतात. ती घासायला येणाऱ्या बाईला आपण ‘आज थोडा उशीर झाला तरी चालेल’ असे उदारपणे सांगतो. प्रार्थना आणि शास्त्रवाचन आशीर्वादित जीवनाचा पाया आहे यात शंका नाही, पहिले स्तोत्र तेच सांगते, आणि त्यावर मी वेगळे लिहिण्याची गरज नाही. परंतु रविवार पाळण्याचा हिशेब उपासनेच्या हजेरीवर थांबत नाही.

येशूने डोंगरावरील प्रवचनात अर्पणाविषयी जे सांगितले ते कोणत्याही खजिनदाराला अडचणीत टाकणारे आहे. तू आपले दान वेदीजवळ आणलेस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तेथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. ही आज्ञा अक्षरशः पाळली गेली तर एखाद्या रविवारी थैल्या रिकाम्या परत येतील, आणि मला वाटते त्या रविवारी कमिटीने काळजी न करता आनंद मानावा. येथे पुढाकार ज्याला राग आला आहे त्याने घ्यायचा नसून ज्याच्यामुळे राग आला आहे त्याने घ्यायचा आहे, ही बारीक गोष्ट बहुतेक वेळा नजरेतून सुटते.

नागपूरच्या ख्रिस्ती माणसाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. बिशप मानणारे आणि न मानणारे, बालकांचा बाप्तिस्मा करणारे आणि केवळ प्रौढांचाच करणारे, अशा लोकांनी कित्येक वर्षे चर्चा करून आपापल्या आग्रहाची एकेक पेंढी शेतात सोडून दिली, म्हणून ते घडले. 133वे स्तोत्र बंधूंच्या ऐक्याचे गुणगान करून शेवटी म्हणते की तेथेच परमेश्वराने आशीर्वाद देण्याचे ठरवले आहे. त्यानंतरच्या काळात उत्तर भारतातल्या निरनिराळ्या मंडळ्यांमध्ये जमिनी, संस्था आणि खुर्च्या यांवरून जे कज्जे झाले आणि अजूनही चालू आहेत, ते या स्तोत्राच्या शेजारी ठेवून वाचले की आशीर्वाद का येत नाही ही तक्रार देवाकडे नेण्याचे धैर्य होत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे. भावाशी समेट केला, मजुरी वेळेवर दिली, विसरलेली पेंढी राहू दिली, तरी संकटे येतातच, मग आशीर्वाद कोठे आहे? या प्रश्नाला, नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी जे उत्तर दिले, की तुझ्याच हातून काही पाप घडले असेल, ते उत्तर देवाने शेवटी नापसंत केले, तरीही आजारी माणसाच्या उशाशी बसून तेच उत्तर देणारे आपल्यात कमी नाहीत. आपल्या शहराचे उदाहरण घ्यावे. स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडहून नागपुरात आले, तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी आत्मसात केली, शाळा चालवली, गोंडांच्या चालीरीती टिपून ठेवल्या, आणि या परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा असा अभ्यास केला की एका खनिजाला त्यांचे नाव मिळाले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना रात्रीच्या अंधारात पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले, तेव्हा त्यांना 46वे वर्ष सुरू होते. आशीर्वाद म्हणजे अपघातातून वाचणे असे मानले तर या माणसाच्या आयुष्याला काय म्हणायचे? त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 साली सुरू झाले आणि आजही सिव्हिल लाइन्समध्ये चालू आहे, पण त्या महाविद्यालयाकडे बोट दाखवून त्यांच्या मृत्यूची भरपाई झाली असे म्हणणेही मला पटत नाही. ते बुडाले, आणि ते धन्य होते, ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी ठेवावी लागतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले असताना डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि पुढे तो वाचताना डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जे धरले ते सोडले नाही. 1895 साली त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि त्याबरोबर घर, जात, नातलग आणि काही वर्षांपुरती पत्नीही दुरावली. ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’, ‘जे शोक करीत आहेत ते धन्य’, ‘जे सौम्य ते धन्य’, ‘जे शांती करणारे ते धन्य’ अशी ज्या प्रवचनाची सुरुवात आहे, ते वाचून माणूस हाताशी होते ते गमावण्यास तयार झाला. आमच्या वहीतली कारणे आणि येशूने सांगितलेली धन्यतेची कारणे एका पानावर समोरासमोर लिहिली, तर दोन्ही रकान्यांत सामायिक असे फार थोडे सापडते.

याच प्रवचनात येशू म्हणतो की पिता आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर उगवतो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो. म्हणून चांगले वागून आशीर्वाद विकत घेता येत नाही, तो आधीच पडतो आहे. प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो की देवाने ख्रिस्तामध्ये आपल्याला प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद दिलेलाच आहे. मग वागण्याला किंमत काय, असे कोणी विचारील. माझी समजूत अशी आहे की अब्राहामाला देवाने आशीर्वाद दिला त्याच श्वासात त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील असेही सांगितले, आणि हा दुसरा भाग अडवून धरणाऱ्याच्या घरी पहिला भाग फार दिवस ताजा राहत नाही. नीतिसूत्रे हीच गोष्ट बाजाराच्या भाषेत सांगतात: धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, आणि जो ते विकतो त्याच्या मस्तकी आशीर्वाद येतो.

आमच्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीच्या पायऱ्यांवर संत्र्यांचे क्रेट, कोहळे, तांदळाच्या थैल्या, तुरीचे गाठोडे, उसाच्या मोळ्या, घरचे लोणचे, केक आणि कधी पाय बांधलेली कोंबडीही येऊन बसते. उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. ‘पाचशे एक वार, पाचशे दोन वार, घ्या ना बाप्पा, नाताळापर्यंत टिकते कोहळं’ अशा हाळ्या उठतात, साधा केक दोन हजारांना जातो, बोली लावणाऱ्यांत ईर्ष्या पेटते आणि लहान मुले कोंबडीभोवती घोळका करतात. या दिवशी जमणारी रक्कम वर्षातली सर्वांत मोठी असते, आणि ती आजवर रंगरंगोटी, ध्वनिक्षेपक, आवारातल्या फरशा अशा कामांना लागत आली आहे.

गेल्या बैठकीत मी लेखी प्रस्ताव ठेवला की दर तिसऱ्या वर्षाच्या लिलावाची संपूर्ण रक्कम मंडळीतल्या आणि वस्तीतल्या विधवा, एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाया आणि रोजमजुरीवरची कुटुंबे यांच्यासाठी वेगळी काढावी, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती असा भेद त्यात करू नये आणि मिळणाऱ्याचे नाव कोठेही वाचून दाखवू नये. छप्पर गळते आहे, आधी ते पाहू, असे मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण गेल्या पावसात खुद्द वेस्ट्रीत बादली ठेवावी लागली होती. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. त्या बैठकीसाठी मी छपराच्या दुरुस्तीचा वेगळा अंदाज मागवला आहे, आणि प्रस्तावाच्या प्रती सर्व सभासदांना पाठवताना तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाची दोन वचने त्यांच्या मागच्या बाजूला छापून घेतली आहेत.